लिव्हियाच्या हातात विष कोणी दिले?

रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याची पत्नी लिव्हिया हिच्याबद्दल सामान्य वाचकाला बहुधा एकच गोष्ट माहीत असते : ती विष घालणारी बाई होती. नवऱ्याचा भाचा, नवऱ्याचा जावई, दोन नातू आणि शेवटी खुद्द नवरा असे एकामागून एक सगळे मेले आणि तिचा पहिल्या लग्नाचा मुलगा टायबेरियस गादीवर आला. हे आपोआप कसे होईल? कोणीतरी घडवून आणलेच असणार, आणि घडवून आणणारी घरातली बाईच असणार. एवढ्याशा तर्कावर एका स्त्रीचे चरित्र दोन हजार वर्षे उभे आहे.

हा तर्क पुराव्यापुढे टिकतो का? टिकत नसेल तर तो इतकी शतके चालला कसा, आणि तो कोणाच्या सोयीचा होता? हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण तेवढ्यावर थांबून चालणार नाही. अलीकडे वारे उलट दिशेने वाहते आहे. कालची विषकन्या आज 'कर्तबगार स्त्री' म्हणून पडद्यावर येते आहे. तेव्हा जुनी बदनामी तपासताना हा नवा गौरवही तपासला पाहिजे.

पराभूतांच्या घरातून सत्तेच्या घरात

लिव्हियाचा जन्म इ.स.पू. ५८ च्या सुमारासचा. तिचा बाप ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांच्या, म्हणजे ब्रूटस आणि कॅसियस यांच्या पक्षाचा. इ.स.पू. ४२ मध्ये फिलिपीच्या लढाईत हा पक्ष हरला आणि तिच्या बापाने आत्महत्या केली. त्याच वर्षी तिला मुलगा झाला, तोच टायबेरियस. तिचा पहिला नवराही ऑक्टेव्हियनच्या विरोधात उभा राहिला. ऑक्टेव्हियन म्हणजेच पुढचा ऑगस्टस. बंड फसले तेव्हा हे कुटुंब तान्ह्या मुलाला घेऊन इटलीतून पळाले, आधी सिसिली आणि मग ग्रीस.

तह झाल्यावर ती रोमला परतली. ऑक्टेव्हियनने आपल्या पत्नीला, तिला मुलगी झाली त्याच दिवशी घटस्फोट दिला आणि इ.स.पू. ३८ च्या जानेवारीत लिव्हियाशी लग्न केले. त्या वेळी लिव्हिया पहिल्या नवऱ्यापासून गरोदर होती, आणि कन्यादान म्हणावे अशा थाटात त्या पहिल्या नवऱ्यानेच तिला लावून दिले. या व्यवहारात तिची इच्छा किती होती याची नोंद कोणी केलेली नाही. रोमच्या उच्चकुलीनांत लग्न म्हणजे दोन घराण्यांचा राजकीय करार. जिंकलेल्या पुढाऱ्याला जुन्या, मानाच्या क्लॉडियस घराण्याशी नाते हवे होते आणि हरलेल्या पक्षाला जीव वाचवायचा होता.

हे लग्न पुढे पन्नासहून अधिक वर्षे, ऑगस्टसच्या मृत्यूपर्यंत टिकले. दोघांना जगलेले मूल झाले नाही. वारसाचा सगळा पेच इथूनच सुरू होतो.

आरोपपत्र कलमवार वाचू

पहिला मृत्यू मार्सेलसचा, इ.स.पू. २३ मधला. हा ऑगस्टसच्या बहिणीचा मुलगा आणि त्याचा जावईही. लिव्हियावरच्या आरोपाची नोंद कॅसियस डिओ हा इतिहासकार करतो. पण तो लिहीत होता तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे घटनेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. आणि तोच डिओ पुढे सांगतो की हे संशयास्पद आहे, कारण ते वर्ष आणि त्यानंतरचे वर्ष इतके रोगट होते की पुष्कळ माणसे दगावली. म्हणजे आरोप नोंदवणाराच त्याच्याखाली शंका लिहून ठेवतो. लोकांनी आरोप लक्षात ठेवला आणि शंका विसरून गेले.

दुसरा अग्रिपा, ऑगस्टसचा सेनापती आणि नंतरचा जावई. तो इ.स.पू. १२ मध्ये आजाराने गेला. तिसरा आणि चौथा हे अग्रिपाचे मुलगे, ऑगस्टसने दत्तक घेतलेले नातू. लुसियस इ.स. २ मध्ये स्पेनकडे जाताना आजच्या मार्सेय शहरात वारला. गायस इ.स. ४ मध्ये आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर वारला, आर्मेनियाच्या मोहिमेत झालेल्या जखमेतून तो सावरलाच नाही. एक मृत्यू साम्राज्याच्या पश्चिमेला, दुसरा पूर्वेला. इथे टॅसिटस काय करतो पाहा. ही मरणे अकाली नियतीने आली किंवा सावत्र आईच्या कपटाने, असे तो एका ओळीत म्हणतो आणि पुढे निघून जातो. पुरावा नाही, साक्षीदार नाही. दोन पर्याय शेजारी ठेवले की वाचक त्यातला चविष्ट पर्याय उचलतो, हे त्या कसलेल्या लेखकाला पक्के ठाऊक होते.

पाचवा मृत्यू ऑगस्टसचा, इ.स. १४ मध्ये नोला येथे. वय पंचाहत्तरच्या पुढे. झाडावरच्या अंजिरांना लिव्हियाने विष चोपडले, ही गोष्ट डिओ ऐकीव म्हणून देतो. पण सुएटोनियस, ज्याला राजवाड्यातल्या कुजबुजीचा भारी सोस, तो ऑगस्टसच्या शेवटच्या दिवसांचे सविस्तर वर्णन करतो : प्रवास, पोटाचे दुखणे, शेवटची निरवानिरव, लिव्हियाच्या मिठीत आलेला अंत. त्यात विषाचे नाव नाही.

एका प्रकरणात मात्र संशयाला खरोखर जागा आहे. ऑगस्टसच्या मृत्यूबरोबरच त्याचा हयात असलेला शेवटचा नातू अग्रिपा पोस्ट्युमस बेटावरच्या कैदेत मारला गेला. हुकूम मरणाऱ्या ऑगस्टसचा, टायबेरियसचा की लिव्हियाचा, याचा निवाडा प्राचीन लेखकही करू शकले नाहीत. पण हा खून पहारेकऱ्याच्या शस्त्राने झाला आणि तो सत्तांतराच्या वेळचा सरळसोट राजकीय खून होता. असे खून ऑगस्टसने स्वतः तरुणपणी शेकड्यांनी घडवून आणले होते. शत्रूंच्या याद्या लावून माणसे मारणाऱ्या त्रिकुटात तो होता. तरी इतिहासात त्याची ओळख 'शांतता आणणारा' अशी आहे.

यापुढचा मुद्दा जास्त बोलका आहे. लिव्हियाचा धाकटा मुलगा ड्रुसस इ.स.पू. ९ मध्ये जर्मनीच्या मोहिमेवर वारला. तेव्हाही कुजबूज झाली की ड्रुसस प्रजासत्ताकाची भाषा बोलत होता, म्हणून ऑगस्टसनेच त्याला विष दिले. सुएटोनियस ही अफवा नोंदवतो आणि ती खोटी म्हणून बाजूला सारतो. म्हणजे सावत्र मुलाला विष दिल्याची अफवा नवऱ्यावरही होती आणि बायकोवरही. नवऱ्यावरची अफवा तळटीप होऊन राहिली, बायकोवरची अफवा तिचे चरित्र झाली. पुरावा दोन्हीकडे सारखाच, म्हणजे शून्य. मग फरक कशाने पडला?

लेखणी कोणाच्या हातात होती?

टॅसिटस सिनेटर होता, इ.स. ९७ मध्ये कॉन्सलच्या सर्वोच्च पदावर पोचलेला. लिव्हिया वारल्यानंतर जवळपास पाऊणशे ते नव्वद वर्षांनी तो लिहीत होता. डोमिशियन या सम्राटाची दहशत त्याने आणि त्याच्या वर्गाने सोसली होती. त्याचा राग समजण्यासारखा आहे. प्रजासत्ताकात निर्णय सिनेटच्या सभागृहात, उमरावांच्या देखत होत असत. सम्राट आल्यावर ते एका घराच्या आत होऊ लागले. आणि घर म्हटले की तिथे बायका आल्या, गुलाम आले, मुक्त झालेले गुलाम आले. ज्यांना रोमच्या अभिजनांनी कधी माणसांच्या पंक्तीत मोजले नव्हते, त्यांच्या शब्दाला वजन आले.

सिनेटरांचे खरे दुखणे हे होते. सत्ता गेल्याचे दुःख होतेच, ती कोणाकोणाच्या कानापर्यंत पोचली याचे दुःख त्याहून मोठे होते. म्हणून या इतिहासग्रंथांत वाईट सम्राटाची खूण ठरलेली दिसते : तो बायकोच्या किंवा मुक्त गुलामांच्या मुठीत असतो. एकाधिकारशाहीवरची त्यांची टीका काही ठिकाणी रास्त आहे, पण तिचा वार एकाधिकारशहापेक्षा त्याच्या घरातल्या बाईवर जास्त पडतो.

त्यात तयार साचाही हाताशी होता. रोमच्या वक्तृत्वशाळांत मुलांना खोट्या खटल्यांवर भाषणे करायला लावत. त्या खटल्यांतली सावत्र आई सावत्र मुलाला विष घालणारी, हे ठरलेले पात्र. उमरावांची मुले हे घोकून मोठी झाली आणि पुढे त्यांनीच इतिहास लिहिला. शिवाय ऑगस्टसच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, इ.स. ५४ मध्ये, सम्राट क्लॉडियस मेला आणि त्याची पत्नी अग्रिपिना हिने अळिंबीतून विष दिल्याचे सगळीकडे बोलले गेले. तिचाही पहिल्या लग्नाचा मुलगा, नीरो, गादीवर आला. टॅसिटसने दोन्ही प्रसंग जवळजवळ एकाच साच्यात घातले आहेत : सम्राट मरतो, पत्नी वाड्याची दारे बंद करून मृत्यू दडवते, बाहेर खोटी खुशाली कळवली जाते, मग दारे उघडतात आणि नवा सम्राट बाहेर येतो. नंतरच्या बाईची कहाणी आधीच्या बाईच्या अंगावर चढवली गेली, असे मानायला भरपूर जागा आहे.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. व्हेलियस पॅटर्क्युलस या समकालीन लेखकाने लिव्हियाच्या मृत्यूनंतर वर्षभरातच तिची स्तुती लिहिली. तिच्या सत्तेचा अनुभव लोकांना संकटातून सुटका होताना किंवा मानमरातब वाढताना आला, अशा अर्थाचे तो लिहितो. पण हा व्हेलियस टायबेरियसच्या सैन्यातला अधिकारी. धन्याच्या आईबद्दल तो वाईट कशाला लिहील? एका बाजूला सत्ता गमावलेल्या वर्गाचा राग, दुसऱ्या बाजूला नोकराची खुशामत. दोन्ही साक्षीदार पक्षपाती.

आणि तिची स्वतःची साक्ष? ती उरलेलीच नाही. सुएटोनियसने ऑगस्टसच्या लिव्हियाला लिहिलेल्या पत्रांचे काही तुकडे जपले आहेत. अपंगत्वामुळे लोक ज्याला हसत त्या नातवाला, क्लॉडियसला, लोकांसमोर बसवायचे की नाही यावर ही पत्रे आहेत. त्यात ऑगस्टस तिला कळवतो की तू सांगितल्याप्रमाणे मी टायबेरियसशी बोललो. म्हणजे ती सांगत होती आणि सम्राट त्याचा अहवाल तिला देत होता. महत्त्वाच्या विषयावर तिच्याशी बोलायचे तर तो आधी टिपण काढून ठेवी, हेही सुएटोनियसच सांगतो. परंतु तिची उत्तरे एकही नाहीत. संभाषणातली एकच बाजू आपल्याला ऐकू येते, आणि दुसरी बाजू शत्रूंनी भरून काढली आहे.

दगड आणि ब्राँझ वेगळे बोलतात

ग्रंथ पक्षपाती असतील तर जायचे कुठे? शिलालेख, ताम्रपट, नाणी यांच्याकडे. तेही सत्ताधाऱ्यांचेच असतात आणि त्यांचीही चिकित्सा करावी लागते. पण त्यांचा एक मोठा गुण आहे : ते त्या त्या वेळचे असतात. शंभर वर्षांनंतरची कुजबूज त्यात शिरू शकत नाही.

आजच्या तुर्कस्तानातील अफ्रोडिसियास या प्राचीन नगरात, रंगभूमीच्या भिंतीवर, ऑगस्टसचे एक पत्र कोरलेले सापडले. सामोस बेटाच्या लोकांनी आपल्याला विशेष स्वातंत्र्याचा दर्जा मागितला होता. त्यांना नकार देताना तो कळवतो की माझी पत्नी तुमच्या बाजूने जोर लावते आहे आणि तिचा शब्द राखायला मला आवडले असते, पण त्यासाठी मी माझा रिवाज मोडणार नाही. अफ्रोडिसियासच्या लोकांनी हे कोरले ते आपल्याला मिळालेला मान सामोसला मिळाला नाही, ही फुशारकी मिरवण्यासाठी. आपल्यासाठी त्यात दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, लिव्हिया एका बेटाची वकिली उघडपणे करत होती आणि सम्राटाला तसे जाहीर लिहिण्यात काही वावगे वाटले नाही. दोन, नवरा तिच्या मुठीत नव्हता, तो तिला नाही म्हणू शकत होता. पडद्याआडून सगळ्यांना नाचवणारी कारस्थानी बाई या पत्रात कुठेच बसत नाही. पुढे इ.स.पू. २० च्या सुमारास सामोसला तो दर्जा मिळाला.

दुसरा पुरावा स्पेनच्या दक्षिण भागातला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेला रोमन सिनेटचा एक ठराव हाती आला आणि १९९६ मध्ये तो अभ्यासकांनी छापून प्रसिद्ध केला. ठराव इ.स. २० चा. टायबेरियसचा दत्तक मुलगा जर्मॅनिकस याच्या मृत्यूनंतर पिसो नावाच्या अधिकाऱ्यावर जो खटला झाला, त्याचा हा निकाल. पिसोची बायको प्लँकिना हिच्यावरही गंभीर आरोप होते. सिनेटने तिला सोडून दिले आणि कारण स्पष्ट लिहिले : टायबेरियसच्या आईने तशी विनंती केली. पुढे सिनेट म्हणते की सम्राटाला जन्म दिला एवढ्यासाठीच नव्हे, तर सर्व थरांतल्या माणसांवर केलेल्या अनेक मोठ्या उपकारांमुळे या बाईचे राज्यावर ऋण आहे. सिनेटकडे काहीही मागण्याचा तिला हक्क आहे, पण ती तो जपून वापरते.

हाच प्रसंग टॅसिटसने लिहिला आहे तो लाजिरवाण्या, आतल्या आत उरकलेल्या सौद्यासारखा. आणि हाच प्रसंग सिनेटने ब्राँझवर कोरून प्रांतोप्रांतीच्या मोठ्या नगरांत आणि लष्करी छावण्यांत लावायला सांगितला. टॅसिटस ज्याला लपवाछपवी समजतो, ते त्या काळात चौकात टांगलेले होते.

ब्राँझ म्हणते म्हणून प्लँकिनाची सुटका न्याय्य ठरत नाही. एका बड्या घरच्या मैत्रिणीला शिक्षेतून वाचवण्यासाठी लिव्हियाने आपले वजन वापरले, हे त्यात स्वच्छ दिसते. सत्ता होती, उघड होती आणि ती आपल्या माणसांसाठी वापरली गेली. तिच्यावर टीका करायची तर या मुद्द्यावर करावी. काल्पनिक अंजिरांची गरज नाही.

एक धागा आपल्या भूमीपर्यंतही येतो. टायबेरियसच्या चांदीच्या नाण्यांवर मागच्या बाजूला हातात राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री आहे. ती लिव्हियाच, असे अनेक अभ्यासक मानतात. ही नाणी रोमच्या व्यापारातून दक्षिण भारतात मोठ्या संख्येने आली आणि आजही जमिनीतून निघतात. मिरी आणि मोती विकणाऱ्या माणसांच्या तळहातावर तिची प्रतिमा दोन हजार वर्षांपूर्वी पोचली होती, आणि त्या प्रतिमेच्या हातात विषाची कुपी नव्हती.

पद नसलेली सत्ता

लिव्हियाजवळ आयुष्यभर कोणतेही पद नव्हते. रोममध्ये बाई मतदार नव्हती, सिनेटर नव्हती, न्यायाधीश नव्हती. मालमत्तेच्या अनेक व्यवहारांसाठी तिला पुरुष पालकाची संमती लागे. इ.स.पू. ३५ मध्ये लिव्हिया आणि ऑगस्टसची बहीण ऑक्टेव्हिया यांना या पालकत्वातून मोकळे करण्यात आले. ट्रिब्यून या लोकप्रतिनिधींच्या अंगाला हात लावणे गुन्हा असे, तसे संरक्षणही दोघींना मिळाले. म्हणजे जे संरक्षण कधीकाळी रोमच्या सामान्य प्लेबियन जनतेने लढून आपल्या प्रतिनिधींसाठी मिळवले होते, ते आता राजघराण्यातल्या दोन बायकांना बसल्या जागी दिले गेले. सगळ्या रोमन स्त्रियांसाठी कायदा बदलला नाही, दोघींपुरता अपवाद केला.

या अपवादावर तिने मोठे आर्थिक बळ उभे केले. इजिप्तमध्ये तिच्या जमिनी होत्या, गॉलमध्ये तांब्याची खाण होती, यहुदी राजघराण्यातल्या सलोमेने मृत्युपत्राने तिला गावे दिली होती. या पैशातून तिने गरजू घरांच्या मुली उजवल्या, मुले वाढवली, असे डिओ सांगतो. तिने एका देवालयाचा जीर्णोद्धार केला, त्यावरच्या लेखात ती ड्रुससची मुलगी आणि सीझरची पत्नी आहे. बापाचे नाव आधी, तोही तिच्या नवऱ्याच्या विरोधात लढून मेलेला बाप.

ऑगस्टसने मृत्युपत्रात तिला आपल्या घराण्यात दत्तक घेतले, आपला किताब दिला आणि संपत्तीचा तिसरा हिस्सा दिला. सिनेटने तिला 'देशमाता' म्हणायचे ठरवले. मुलाने, टायबेरियसने, ते नाकारले. बायकांचे मान मर्यादेत असावेत हे त्याचे म्हणणे. इ.स. २९ मध्ये ती वयाच्या शहाऐंशीच्या आसपास वारली तेव्हा तो काप्रीहून आला नाही, तिचे मृत्युपत्र त्याने धुडकावले आणि तिला देवत्व द्यायला मनाई केली. सिनेटने तिच्यासाठी कमान मंजूर केली. टायबेरियस म्हणाला मी स्वतःच्या खर्चाने बांधतो, आणि ती कधी बांधलीच नाही.

पुढे इ.स. ४२ मध्ये क्लॉडियसने तिला देवी केले. ज्याला ती हयातीत जवळ करत नव्हती, तोच नातू. का? क्लॉडियसचे ऑगस्टसशी थेट रक्ताचे नाते नव्हते, लिव्हियाशी होते. आजी देवी झाली की नातवाची गादी पक्की. तिचा अपमान आणि तिची पूजा, दोन्ही पुरुषांच्या राजकारणाच्या हिशेबाने झाली.

कादंबरीची पकड

टॅसिटसचे कुत्सित इशारे विद्वानांपुरते राहिले असते. त्यांना घराघरांत नेले ते रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज लेखकाच्या १९३४ सालच्या 'आय, क्लॉडियस' या कादंबरीने. टॅसिटसने जिथे 'किंवा' लिहिले होते, तिथला 'किंवा' ग्रेव्ह्जने काढून टाकला. १९७६ मध्ये बीबीसीने त्यावर मालिका केली. शान फिलिप्स या अभिनेत्रीने लिव्हिया इतकी जबरदस्त उभी केली की पुढच्या दोन पिढ्यांना खरी लिव्हिया म्हणजे तीच वाटू लागली. १९९९ मध्ये सुरू झालेल्या 'द सोप्रानोज' या अमेरिकन मालिकेत मुलाच्या जिवावर उठलेल्या आईचे नाव लिव्हिया आहे, यावरून ते नाव काय होऊन बसले होते ते कळावे.

२००२ मध्ये अँथनी बॅरेट यांनी तिचे सविस्तर चरित्र लिहिले आणि विषाच्या कहाण्यांना आधार नाही हे दाखवले. मग लाट फिरली. २०२१ च्या 'डोमिना' मालिकेत लिव्हिया नायिका झाली : अन्यायातून उभी राहिलेली, पुरुषांच्या जगात डोके चालवून टिकलेली बाई. समाजमाध्यमांवर 'प्राचीन जगातल्या सामर्थ्यवान स्त्रिया' अशा याद्यांत तिचे नाव दिसते.

त्या घरात आणखी कोण होते?

इथे आपण सावध व्हायला हवे. १७२६ मध्ये रोमजवळ ॲपियन रस्त्यालगत जमिनीखाली एक भलेमोठे दफनघर सापडले. भिंतींत कबुतरखान्यासारखे कोनाडे, हजाराहून अधिक अस्थिकलशांची सोय. हे लिव्हियाच्या घरच्या गुलामांचे आणि मुक्त झालेल्या गुलामांचे. दगडी पाट्यांवर नाव आणि काम : केस विंचरणारी, कपडे सांभाळणारा, फाटके शिवणारी, लोकर तोलून देणारा, जोडे करणारा, मोती बसवणारा, वैद्य, सुईण, मालिश करणारी, पालखीमागून चालणारे.

ऑगस्टस मिरवत असे की तो घरी बायको-मुलींनी विणलेले कापड वापरतो. त्या साधेपणामागची लोकर कोण तोलत होते, हे दफनघर सांगते. ज्या केशरचनेवरून संग्रहालयात लिव्हियाचा पुतळा ओळखतात, ती रोज कोणाचे हात बांधत होते, हेही ते सांगते.

हे हात किती स्वस्त होते? ऑगस्टसच्या राज्यातच इ.स.पू. २ मध्ये मृत्युपत्राने किती गुलाम मुक्त करावेत यावर मर्यादा आली. इ.स. ४ मध्ये वयाच्या अटी आल्या. इ.स. १० मध्ये सिनेटने ठरवले की धन्याचा घरात खून झाला तर त्या छपराखालच्या सगळ्या गुलामांचा छळ करून त्यांना ठार मारावे. लिव्हियाने सामोस बेटासाठी शब्द टाकला, प्लँकिनासाठी टाकला. या कायद्यांविरुद्ध तिने शब्द टाकल्याची एकही नोंद नाही.

रोमन गुलाम वैद्य, लेखनिक, कारागीर होऊ शकत आणि मुक्तही होऊ शकत, याची नोंद बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करताना घेतली होती. त्यांचा मुद्दा होता की गुलामाला बाहेर पडण्याची वाट होती, अस्पृश्याला ती नव्हती. लिव्हियाचे दफनघर या तुलनेतल्या रोमच्या बाजूचा ढळढळीत पुरावा आहे. तिथल्या मुक्त गुलामांनी आपल्या पाटीवर स्वतंत्र झाल्याचे आवर्जून कोरले. पण ती तुलना गुलामगिरीचे समर्थन नव्हती. शिकलेला, कुशल, कदाचित उद्या मुक्त होणारा माणूसही आज वस्तूच होता.

म्हणून लिव्हियाबद्दल दोन गोष्टी एकाच वेळी म्हणाव्या लागतात. ती विष घालणारी होती हे सिद्ध नाही, आणि तिच्यावरचा तो ठपका स्त्रीद्वेषातून आणि अभिजनांच्या चडफडीतून आला. त्याचबरोबर ती शोषणाच्या शिखरावर बसलेली बाई होती, आणि बाई म्हणून सोसलेल्या अन्यायाने तिची मालकी धुऊन निघत नाही. जुन्या इतिहासाने तिला डाकीण केले कारण तो उमरावांचा होता. नव्या मालिका तिला नायिका करतात आणि दासींना पुन्हा पडद्यामागे ठेवतात. दोन्ही वेळा लोकर तोलणारा माणूस चित्रात नाही.

तरुण मित्रांनी इतिहास वाचताना हे चार प्रश्न खिशात ठेवावेत. लिहिणारा कोण आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहितो? त्याच्या वर्गाचे काय गेले होते? त्याच काळचा दगड, पत्रा, नाणे काय म्हणते? आणि ज्याच्या नावाने ग्रंथ लिहिलाच गेला नाही, तो माणूस त्या घरात कुठे उभा होता? पहिल्या तीन प्रश्नांनी लिव्हियाच्या हातातले विष गळून पडते. चौथा प्रश्न तिचे केस बांधणाऱ्या बाईपर्यंत नेतो. आपला इतिहास बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.